दारात लागलेली एक्सप्रेसो मशीन

६ जानेवारी, मंगळवार

खताच्या कंपनीने फुकट दिलेली डायरी यंदा वापरायचं ठरवलंय. गेल्या वर्षीच्या डायरीची पानं आमच्या सौभाग्यवतीने, जमुनाने, पोळ्या गुंडाळायला फाडली, आणि खरं सांगायचं तर तिचा त्याहून चांगला उपयोग मलाही सुचला नव्हता. पण आता माझ्याकडे वेळ आहे. मोटारपंपाच्या दुकानातून टिंकूने आपल्या बापाला सन्मानाने निवृत्त केलं आहे. म्हणजे गल्ल्यावर तो बसतो, आणि मी गेलो की विचारतो, "बाबा, उन्हाचे कायले आले?" जानेवारी चालू आहे. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावात लोक शेकोटीजवळून उठायला तयार नाहीत.

आज आमच्या लेकीचं, चेतनाचं, कुरिअर आलं, बंगळुरूहून. आत ॲल्युमिनियमची कोनाकोनाची एक छोटी किटली, हाताने फिरवायची चक्की आणि भाजलेल्या कॉफीच्या बियांचं पाकीट. पाकिटावर 'सिंगल ओरिजिन' असं लिहिलेलं. फोन करून विचारलं तर म्हणाली, या सगळ्या बिया चिकमंगळूरच्या एकाच बागेतल्या आहेत, दुसरं काही मिसळलेलं नाही. मी म्हटलं, वा, म्हणजे आपल्या समाजासारखंच. एक माती, एक कूळ, भेसळ नाही. वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "बाबा, नेटवर्क जाऊन राहिलं," आणि खरंच गेलं. एवढं मोठं शहर, पण नेटवर्कच्या बाबतीत आमच्यापेक्षा मागास.

पाकिटावर असंही लिहिलंय की चवीत संत्रं, गूळ आणि चॉकलेट आहे. मी उघडून पाहिलं. बियाच आहेत.

दिवाळीत चेतना दोनच दिवस राहिली. थांब म्हटलं तर म्हणाली, इथे धड कॉफी मिळत नाही. त्याच दिवशी सुखरामभाऊ देवरीच्या मुलाचा बायोडेटा घेऊन आले होते, तो आपला योगायोग. भाऊ माझे थोरले चुलतभाऊ. समाजातली निम्मी लग्नं त्यांच्या चपला झिजून जुळलेली आहेत. आता सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला ती येते आहे. तोवर मला घरच्या घरी कॅपुचिनो करता आली पाहिजे. मग पाहतो कोणतं कारण सांगून पळते ते.

९ जानेवारी, शुक्रवार

कॅपुचिनोचं शास्त्र चेतनाने फोनवर सांगितलं. एक हिस्सा एक्सप्रेसो, एक हिस्सा गरम दूध, एक हिस्सा फेस. तिन्ही सारखे. कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचं नाही. एवढा समजूतदारपणा आमच्या घरात तीन माणसांत नाही, तो कपात आणायचा आहे.

मी म्हटलं, एक्सप्रेसो मला शिकवू नको, आयुष्यभर लग्नांत तेच प्यायलो. स्टीलची मशीन, वाफेचा सुंईऽ आवाज, कपभर फेसाळ गोड दूध आणि वर चॉकलेटची पावडर. तर म्हणाली, ते एक्सप्रेसो नाहीच. एस्प्रेसो म्हणजे नुसता काळा अर्क, दोन घोट, त्यात दुधाचा थेंब नसतो. आणि त्यात 'क्स' पण नसतो. मी विचारलं, "मग आमी लग्नात पेतो ते काय होय?"

"ते काय होय ते कोनालेच माहीत नाई, बाबा."

उत्तम. साठी उलटल्यावर कळलं की आपण काय पीत होतो ते विज्ञानाला अज्ञात आहे. 'क्स' मात्र मी सोडणार नाही.

११ जानेवारी, रविवार

जमुनाने कॉफी धुतली.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ बसलो. निम्म्या बिया तिने डब्यात काढल्या, दोन पाण्यांतून धुतल्या आणि गच्चीवर वड्यांच्या शेजारी वाळत घातल्या. मी पाकीट आणून दाखवलं, यावर 'वॉश्ड' असं छापलेलं आहे, म्हणजे बागेतच धुतलेली. ती म्हणाली, "कोनाच्या हातानं धुतली माहीत आहे का तुमाले?" मला माहीत नव्हतं.

उरलेल्या बियांची कॉफी केली. चक्की जाड फिरवली तर पाण्यासारखी झाली, बारीक फिरवली तर कडू जहर. मी तोंड वाकडं न करता प्यायलो, कारण जमुना समोर बसून पाहत होती.

१३ जानेवारी, मंगळवार

अर्क जमला. मध्यम बारीक दळायचं, गॅस मंद ठेवायचा आणि किटली गुरगुरायला लागली की लगेच उतरवायची. गुरगुर ऐकत बसलं की कडू होते. शेवटी कपात खरंच थोडं संत्रं लागलं, किंवा जमुनाने आधी त्या कपात संत्री सोलली असतील.

फेस मात्र हात लावू देत नाही. रवीने घुसळलं. आपल्या म्हशीच्या दुधाचा स्वभाव चांगला आहे, घुसळलं की ते लोणी देऊन मोकळं होतं. मिक्सर लावला तर झाकण उडालं आणि छताला कॅपुचिनो मिळाली. टिंकू म्हणाला, "बाबा, दुकानात येऊन बसत जा ना." आता बोलावतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

चेतनाचा फोन. "बाबा, एक सांगाचं होतं." मी म्हटलं, आधी मला सांग, दुधाची साय काढायची का ठेवायची? म्हणाली, काढा, आणि दूध फ्रिजमधलं थंड घ्या. मग पुन्हा, "सांगाचं होतं." बोल म्हटलं. म्हणाली, "प्रज्वल पन येऊन राहिला माह्यासंगं. ज्याच्या घरच्या बागेची कॉफी आहे ना, तो." आणि गप्प झाली. एवढ्याशा गोष्टीला गप्प व्हायचं काय कारण? मी विचारलं, किती वर्षांची ओळख? चार. रोज त्याचीच कॉफी पिते. रोज फोन असतो त्याचा. मी म्हटलं, वा. चार वर्षं एकच गिऱ्हाईक टिकवायचं आणि रोज चौकशी करायची, याला धंदा म्हणतात. टिंकूने शिकावं काही.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. फुकट पाठवली ती कॉफी म्हणजे नमुना. पोरगा येतो आहे तो मार्केट पाहायला. गोंदिया जिल्ह्यात त्याला एजंट पाहिजे! बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं आहेत, सगळी मोठ्या शहरांतली, त्यांचं पहिलं गिऱ्हाईक पक्कं. मी जमुनाला सांगितलं, एजन्सी आपणच घ्यायची. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "घ्या ना, तुमी घ्याच," आणि तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला झाला असावा.

सुखरामभाऊंनाही सांगून टाकलं, देवरीवाल्यांना सव्वीसलाच आणा. पोरगी घरी आहे, एका सुट्टीत दोन्ही कामं उरकतील.

२० जानेवारी, मंगळवार

फेसाला वाफ पाहिजे. आणि वाफ या तालुक्यात एकाच माणसाकडे आहे, पतिराम केटरर्स. लग्नांचे मुहूर्त अजून लागलेले नाहीत, त्याची मशीन रिकामीच पडून आहे. मी म्हटलं, दोन दिवस दे.

"कार्यक्रम कोनता जी?"

"कॉफी."

"कॉफी तर हायेच. कार्यक्रम कोनता?"

मी म्हटलं, घरचाच आहे. तो हसला आणि मला डोळा मारला. कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

२३ जानेवारी, शुक्रवार

पतिरामने मशीन आणली ती टेम्पोतून, सोबत टेबल, टेबलाला गुलाबी साटीनची झालर आणि प्लास्टिकच्या गुलाबांची परडी. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, झालरीशिवाय मशीन लागतच नाही. आणि स्वयंपाकघरात ठेव म्हटलं तर सिलिंडरसकट ती दारातून आत जाईना. शेवटी फाटकापाशी लावली. "पावने येता येता पेतेत," म्हणे.

चालू केली. पहिल्या वाफेबरोबर गेल्या वर्षीच्या कुठल्या तरी वरातीचं पाणी निघालं. शिट्टी एस. टी. स्टँडपर्यंत गेली असावी, कारण तासाभरात सगळी गल्ली हजर. समोरच्या प्रेमिलाबाई लाटणं हातात घेऊनच आल्या.

"काऊन जी भाऊ, चेतनाचं साक्षगंध होय का? आमाले सांगतलं नाई?"

"साक्षगंध नाई बाई, कॅपुचिनो होय."

"हो जी, पन कोनाचा?"

साखरपुडा नाही, नुसता फेस जमवतो आहे, असं एकेकाला समजावून सांगितलं. जो तो "राहू द्या, नका सांगू," म्हणून हसत गेला. लोकांना बिनकामाची मशीन दारात सहन होत नाही.

संध्याकाळपर्यंत फेस जमला मात्र. वाफेची नळी दुधाच्या वरच्या थरात ठेवायची, कागद फाटल्यासारखा आवाज आला की मग खाली बुडवायची. भांडं हाताला सोसेनासं झालं की बंद. भांडं टेबलावर दोनदा आपटलं की मोठे बुडबुडे फुटतात आणि दूध रंगासारखं चकाकतं. तीन हिस्से, तिन्ही सारखे. जमुनाला दिली. तिने दोन चमचे साखर घातली आणि म्हणाली, आता बरी झाली.

२४ जानेवारी, शनिवार

टिंकू गाडी घेऊन बिरसीच्या विमानतळावर गेला. मी मशीन सोडून कसा जाणार? गाडी आली तेव्हा मी वाफ सोडत होतो, आणि गल्लीला दुसरं काम नसल्यामुळे गल्ली फाटकातच उभी होती. चेतना उतरली. झालर पाहिली, गुलाब पाहिले. प्रेमिलाबाईंनी तिला मिठीच मारली आणि तोंडभर आशीर्वाद दिला. चेतनाने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमाले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, "सांगाले कायले पाहिजे? पोरीले काय पाहिजे ते बापाले समजत नाई का?"

ती माझ्या गळ्यात पडून रडली. हुंदके देऊन. मी पाठीवर थोपटत होतो आणि एक डोळा दुधावर ठेवून होतो, ते उतू जायच्या बेतात होतं. कॉफीसाठी एवढं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. बंगळुरूत दूध कसलं मिळतं देव जाणे.

तो प्रज्वलही वाकून पाया पडला. उंच आहे, सावळा, मराठीचं नाव नाही, हिंदी अडखळत बोलतो. कंपनीची माणसं इतकी नम्र पहिल्यांदा पाहिली. त्याला कप दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बॅलन्स्ड है, अंकल." बागेच्या मालकाने म्हटलं! मग प्रेमिलाबाईंनी चॉकलेट पावडर कुठे आहे म्हणून विचारलं आणि पतिरामने खिशातून काढून दिली.

दुपारी पोरगा माझ्यासमोर येऊन बसला. थंडीत त्याला घाम फुटला होता.

"अंकल, मैं आपसे कुछ माँगने आया हूँ."

मी म्हटलं, "पता है. माँगो. लेकिन डिपॉझिट नहीं दूँगा, पहले ही बोलता हूँ."

तो केवढ्याने दचकला. "नहीं नहीं अंकल! हमको कुछ नहीं चाहिए. हमारे घर में ये सब नहीं चलता."

बिनडिपॉझिटची एजन्सी. मी मनात म्हटलं, गुलाबचंद, पोरगा कच्चा आहे, ताणून घे. विचारलं, कितने साल के लिए? म्हणाला, "पूरी ज़िंदगी के लिए." मी विचारलं, इस एरिये में और किसी को तो हाँ नहीं बोलोगे? तो लाल झाला, "कभी नहीं, अंकल." शेवटी विचारलं, और माल में कुछ खोट निकली तो? त्याला नीट समजलं नसावं. म्हणाला, "अंकल, वो बहुत अच्छी है."

कॉफी हिंदीत स्त्रीलिंगी आहे. व्याकरणसुद्धा बरोबर. मी हात पुढे केला, "पक्का. गुलाबचंद रहांगडाले का शब्द है." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात जमुना उभी होती, तिच्याही आलं. मला वाटलं, या घरात धंद्याची कदर आहे.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी जमुनाला विचारलं, दुकानाच्या बोर्डाला रंग कोणता द्यायचा.

ती हातातलं काम टाकून समोर बसली. "अजी, आता तरी समजा. पोरगा कॉफी विकाले नाई आला. पोरगी मांगाले आला. अना तुमी देऊन टाकली."

मी हसलो. ती हसली नाही.

उठून दुकानात जाऊन बसलो. टिंकूने "उन्हाचे कायले आले" म्हणून विचारलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. म्हणजे त्यालाही माहीत. सगळ्या घराला माहीत. प्रेमिलाबाईंनी तर नुसत्या झालरीवरून ओळखलं. एकटा मीच एजन्सी घेऊन बसलो होतो.

राग आहे. खोटं कशाला लिहू? बाहेरचा मुलगा, भाषा वेगळी, समाज वेगळा, कूळ विचारायची सोय नाही. सुखरामभाऊंनी मला सख्ख्या भावासारखं वागवलं, आमच्या वडिलांच्या मागे दुकान उभं करताना तेच पाठीशी होते. त्यांना मी काय सांगू?

पण त्या रागाखाली दुसरंच काही दुखतं आहे. पोरगी सांगायचं होतं, सांगायचं होतं म्हणत राहिली आणि मी साय काढू का ठेवू विचारत राहिलो. काल ती रडली ती मोठ्या मनाच्या बापाच्या गळ्यात पडून. तो मी नव्हतोच. मी दुधाकडे पाहत होतो.

शब्द परत घेता येतो. चूक झाली, मी एजन्सी समजलो, एवढं म्हणायचं की झालं. उद्या देवरीचे पाहुणे येतात. ते यायच्या आत म्हणावं लागेल.

२६ जानेवारी, सोमवार

सुखरामभाऊ झेंडावंदन करून टोपी न काढताच आले. एकटेच.

"गुलाब, हे काय आयकून राहिलो मी? देवरीवाले कोहमाऱ्याले ढाब्यावर थांबले. म्हनतेत, आदी विचारून या. तुह्या घरी साक्षगंधाची मशीन लागली म्हनून साऱ्या गोरेगावात बोंब आहे. तो पोरगा कोन होय?"

पोरगा अंगणात टिंकूबरोबर एक जुना पंप उघडून बसला होता. भाऊंना पाहून उभा राहिला, काळे हात जोडून नमस्कार केला. त्याला यातलं एक अक्षर समजत नव्हतं. चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकट धरून. तिला सगळं समजत होतं.

भाऊ जवळ सरकले. त्यांचा आवाज नरम झाला. "सांगून टाक ना, कॉफीचा एजंट होय म्हनून. मी सांभाळून घेतो देवरीवाल्यांले."

परवापर्यंत मी जे खरं मानत होतो, नेमकं तेच भाऊंनी सुचवलं. मला खोटंही बोलावं लागलं नसतं. मी चेतनाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"एजंट नाई, भाऊ. जावई होय."

"कूळ कोनतं?"

"मले माहीत नाई. विचारलं नाई."

"गुलाब, समाजात तोंड दाखवाचं आहे आपल्याले."

"भाऊ, मशीन म्या लावली. फाटकापाशी, साऱ्या गल्लीसमोर. आता कायले झाकू?"

भाऊ उठले. जमुनाने कप आणला होता, तो त्यांनी घेतला नाही. टोपी सारखी केली आणि गेले. लग्नाला येतील की नाही सांगता येत नाही. ते आले नाहीत तर मला फार वाईट वाटेल, आणि ते मी त्यांच्यासमोर बोलूनही दाखवीन.

मी अंगणातल्या खाटेवर बसून राहिलो. जरा वेळाने चेतना येऊन शेजारी बसली. डोळे पुसलेले होते, पण बापाची उलटतपासणी घ्यायची तिची सवय जुनी आहे.

"बाबा, प्रज्वल म्हनून राहिला, तुमी त्याले किती सालासाठी म्हनून विचारलं."

"विचारलं."

"खरं सांगा. तुमाले आदीपासून माहीत होतं ना?"

डायरीत खरं लिहून झालं आहे, तेवढं पुरे.

"होतं."

"मंग त्या बिचाऱ्याले बसल्याबरोबर डिपॉझिट देत नाई म्हनून काऊन सांगतलं? त्याले वाटलं तुमी हुंड्याचं बोलून राहिले. सारी रात जागला तो."

मी म्हटलं, "पाहून राहिलो होतो, पोरगा पळते का."